रिता आलेला शेर

मी एक जुना शेर आहे. दचकू नका, मित्रांनो. डरकाळी फोडणारा तो मी नव्हे. मी धान्य मोजायचा शेर, पितळेचा, काठाला एक मोठा पोचा पडलेला. तुमच्या घरी किलोच्या पुड्या येतात आणि दुकानातल्या काट्यावर लाल आकडे उमटतात, म्हणून मला माझी ओळख करून द्यावी लागते. चार शेरांची एक पायली होते. पायली ही माझी थोरली बहीण, मापटं आणि चिपटं ही धाकटी भावंडं. 'शेरास सव्वाशेर' असं तुम्ही येताजाता म्हणता तेव्हा माझंच नाव घेता, पण तुम्हाला ते ठाऊकही नसतं. असो. माझी तक्रार त्याबद्दल नाही. मला माझ्या काठावरच्या पोच्याची गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म नाशकातल्या तांबट आळीत झाला. एका म्हाताऱ्या तांबटाने पितळेचा पत्रा कापला, मोगरीने ठोकून ठोकून गोल वळवला, सांध्याला डाग दिला, बूड बसवलं आणि काठात तार घालून तो दुमडला. मग त्याने मला पाण्याने भरलं आणि ते पाणी आपल्या जवळच्या शेरात ओतून पाहिलं. थेंबाचा फरक पडला नाही. "हा कधी खोटं बोलायचा नाही," असं तो म्हणाला. माझं सगळं शिक्षण एवढंच.

मला विकत घेतलं ते साळूबाईच्या सासूने. त्यांचा मळा गिरणारे गावाच्या अलीकडे होता. मळ्यात भाजीपाला, बांधाला शेवंती, आणि दर बुधवारी नाशकात गंगेवरचा बाजार. गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात. त्या घाटावर, पायऱ्यांच्या खालच्या अंगाला, त्यांची बसायची जागा ठरलेली होती. सासू थकली तेव्हा तिने मला साळूबाईच्या हातात दिलं आणि दोन गोष्टी बजावल्या. पहिलं माप टाकताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. आणि बाजार उठताना शेरात मूठभर माल ठेवायचा. शेर रिता घरी आणायचा नाही. रित्या शेराबरोबर घरात अवदसा येते.

साळूबाईने हा नेम जिवापाड पाळला. सगळा माल बांधून झाला की आधी पाट्या उचलायच्या, मग गोणपाट झटकायचं, आणि सगळ्यांच्या शेवटी मूठभर दाण्यांसकट मला उचलायचं. मधल्या वेळात मी त्या मोकळ्या दगडी ओट्यावर एखाद्या देवासारखा एकटाच बसलेला असायचो. मला त्याची ऐट वाटायची, कशाला खोटं बोलू!

काय काय मोजलं म्हणून सांगू! वैशाखात पेठ-सुरगाण्याच्या बायांकडून घेतलेली करवंदं. आषाढात जांभळं, ज्यांच्या डागांनी माझं पोट रंगून जायचं. श्रावणात उपवासाची वरई, भाद्रपदात मातीचा वास असलेल्या ओल्या शेंगा. थंडीत वाटाणा, पावटा, पुढे सोलाणे, म्हणजे ओले हरभरे. नागली, म्हणजे तुमची नाचणी, मात्र बारा महिने. पलीकडच्या रांगेत एक गृहस्थ बसत. त्यांच्या शेराचं बूड खालून वर ठोकलेलं होतं, त्यामुळे गिऱ्हाइकाच्या पिशवीत कमी पडायचं आणि त्यांच्या पोत्यात जास्त उरायचं. साळूबाई मला शीग लावून भरायची. काठाच्या वर दाण्यांचा ढीग उभा राहून घरंगळायला लागला की मगच पिशवीत ओतायची. "माप साळूबाईचं," असं पंचवटीतल्या बायका एकमेकींना सांगत. मित्रांनो, कौतुक कुणाला नको असतं? मीही फुगलो होतो.

साळूबाईच्या मुलाचं, भारतचं, लग्न झालं आणि सटाण्याकडची सुवर्णा सून होऊन आली. तिची बोली अहिराणी. ती 'आहे'ला 'शे' म्हणायची आणि साळूबाई कपाळाला हात लावायची. "अगं, गिऱ्हाइकाला कळंल असं बोल की!" सुवर्णा हसून म्हणायची, "दाना बोलस ना आत्या, मी कसाले बोलू?" दाणाच बोलतो, असं सासूला सांगायची आणि शीग लावून झाल्यावर वर आणखी चिमूटभर टाकायची. सासू कुरकुरायची, पण आतून सुखावायची. आठवड्याला चिंचेने घासून मला लख्ख करायची ती सुवर्णाच. घरी तिची लेक छाया माझ्यात चिंचोके भरायची आणि आजीसारखा आवाज काढून मोजायची, "लाभ, दोन, तीन..." माझ्या आयुष्यातले ते बरे दिवस. थोडेच होते.

तो श्रावणातला बुधवार होता. वर डोंगरात पाऊस कोसळत होता आणि धरणातून पाणी सोडणार असल्याचं भोंग्यावरून सकाळपासून सांगत होते. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीवरून नाशिककर पूर मोजतात; पाणी त्याच्या पायाला लागलं तशी बाजाराची पांगापांग सुरू झाली. घाई कुणीच केली नाही असं नाही. पण सवय मोठी वाईट. त्या घाईतही साळूबाईच्या घरचा क्रम मोडला नाही. सुवर्णाने मूठभर वरई माझ्यात टाकली, मला ओट्यावर ठेवलं आणि पाट्या बांधल्या. साळूबाईचे गुडघे धरलेले, म्हणून तिला दंडाला धरून आधी वर नेलं. शेजारी बसणाऱ्या लंकाबाईने एक पाटी उचलली. शेवटी उचलायचा म्हणून ठेवलेला मी शेवटी खालीच राहिलो.

वर काय झालं ते मला नंतर लंकाबाईच्या तोंडून कळलं. रस्त्याला लागल्यावर साळूबाईने गाठोडं चाचपलं.

"सुवर्णे, शेर कुठं गं?"

"खालेच राही गया वाटस, आत्या."

"रिता हाय का?"

"नही. वरई शे त्यामा."

"भरली लक्ष्मी पाण्यात टाकून आली व्हय तू? माझ्या सासूनं दिलेला शेर हाय त्यो!"

लंकाबाई मध्ये पडली. "जाऊ दे की साळूबाई, भांडंच हाय. पाणी बघ किती चढलंय."

साळूबाई 'जा' म्हणाली नाही. 'जाऊ नको' असंही म्हणाली नाही. ती नुसती गप्प बसली. घरातल्या सुनांना त्या गप्प बसण्याचा अर्थ बरोबर कळतो. सुवर्णाने चपला काढून ठेवल्या, पदर खोचला आणि "आतेच येस," म्हणत ती पायऱ्या उतरली.

मी तिला येताना पाहिलं. पाणी माझ्या बुडाला लागलं होतं आणि तिच्या गुडघ्यांना. लाल, गढूळ, ओढ असलेलं पाणी. तिने मला उचललं, आत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. वरई होती तशीच होती. मग ती वळली. शेवाळलेल्या पायरीवर तिचा पाय गेला. एका हाताने तिने घाटावरची लोखंडी साखळी धरली. दुसऱ्या हातात मी.

"टाक ते! दोन्ही हातांनी धर!" वरून लोक ओरडत होते. लंकाबाई ओरडत होती. सगळ्यांत मोठ्याने साळूबाई ओरडत होती. मलाही ओरडायचं होतं. सोड गं बाई, मी पितळ आहे, मला काही होत नाही. पण आम्हा वस्तूंना वाचा नसते.

सुवर्णाने मला सोडलं नाही. तिने मला वर फेकलं. जोर लावून, कोरड्या पायरीवर. मी दगडावर आपटलो, काठ दबला, वरई सांडली. तो हा पोचा. फेकण्याच्या त्या झटक्यात तिच्या दुसऱ्या हातातली साखळी सुटली.

ती दुसऱ्या दिवशी खाली, बऱ्याच लांब, सापडली. मी मात्र त्याच दिवशी घरी पोचलो. कुणीतरी मला उचलून साळूबाईच्या ओटीत दिलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी रिता घरी आलो.

भारत आईला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने मला उचलून चुलीमागच्या कोनाड्यात टाकलं आणि तिथे माझ्यावर काजळी चढत गेली. पुढे मळ्यातली गवार जून व्हायला लागली, घेवडा वेलावर वाळायला लागला. पिकाला सुतक कळत नाही. साळूबाई पुन्हा बाजारात जाऊ लागली, पण मला न घेता. दुकानातून आणलेला प्लास्टिकचा डबा घेऊन. लंकाबाई घरी येऊन सांगत होती, पहिलं माप टाकताना तिच्या तोंडून 'लाभ' निघेना. ती नुसतं 'एक' म्हणाली आणि आजूबाजूच्या बायांनी माना खाली घातल्या.

मग एका संध्याकाळी छायाने मला कोनाड्यातून काढलं. पोरीने मला आपल्या फ्रॉकने पुसलं, डब्यातली मूठभर वरई माझ्यात घातली आणि दारात, उंबऱ्यापाशी, नेऊन ठेवलं. साळूबाई भाजी निवडत होती.

"काय करती गं?"

"शेर रिता आला म्हणून आई नाय आली ना, आजी? आता भरलाय. आता येईन ती."

साळूबाईच्या हातातली मेथी तशीच राहिली. माझ्या साऱ्या आयुष्यात इतकं जड मी काही मोजलं नाही. ती वरई दिवसेंदिवस माझ्यात राहिली, किडली, तिला जाळी धरली. छाया रोज शाळेतून आली की आधी दाराशी मला बघायची आणि मग रस्त्याकडे. साळूबाई मला हलवायला धजली नाही. खरं सांगायचं धाडसही तिला झालं नाही.

वर्ष फिरलं, श्रावण आला. सणाची सुट्टी होती म्हणून छाया हट्टाने आजीबरोबर बाजारात गेली आणि जाताना किडकी वरई झटकून मला पिशवीत घालून घेऊन गेली. साळूबाई नको म्हणाली नाही. पुन्हा तोच ओटा, तीच वरई, बाजूला लंकाबाई. दुपारी भोंगा वाजला. पाणी वाढत होतं, अजून मारुतीच्या पायालाही लागलं नव्हतं. बाया सवयीने आवराआवर करू लागल्या. छायाने वरईची मूठ भरून माझ्यात टाकली आणि मला ओट्याच्या मधोमध ठेवलं. तिला नेम ठाऊक होता. सगळ्यांच्या शेवटी शेर.

साळूबाईने ते पाहिलं आणि ती उठली. दुखऱ्या गुडघ्यांनिशी, कशालाही न धरता.

"चल."

"आजी, पाट्या..."

"राहू दे पाट्या. चल म्हणते ना!"

तिने छायाचा हात मनगटाशी घट्ट धरला आणि ती पायऱ्या चढू लागली. लंकाबाई आपला काटा बांधत बसली होती. साळूबाईने दुसऱ्या हाताने तिचा दंड ओढला. "ऊठ गं! राहू दे ते! उठा सगळ्याजणी!" असं ती घाटभर ओरडत होती. लोक तिच्याकडे वेड लागल्यासारखं बघत होते. छाया मागे वळून रडत होती.

"आजी, शेर! शेर भरलेला हाय! आई कशी येईन?"

साळूबाई थांबली, पण पोरीचा हात न सोडता. "तुझी आई यायची नाय, बाळा," ती म्हणाली. "ती त्या शेरापायीच गेली. मी धाडली तिला." आणि मग तिने एकदाही मागे पाहिलं नाही.

संध्याकाळी पाण्याने मला उचललं. मूठभर वरई आधी तरंगली, मग गेली. मी घरंगळत, आदळत लांब आलो आणि गाळात रुतलो. तिथूनच तुमच्याशी बोलतो आहे. माझ्यात आता नदीचा काळा चिखल शिगोशीग भरलेला आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला एक विनंती करतात. आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. माझी विनंती उलटी आहे. कधी नदीचं पाणी उतरलं आणि गाळात पितळेचा काठ चमकताना दिसला, तर तो काढायला खाली उतरू नका. आणि तुमच्या घरात कुणी वस्तूसाठी परत वळत असेल, तर गप्प बसू नका. मोठ्याने म्हणा, "राहू दे ते." साळूबाईला हे तीन शब्द म्हणायला एक वर्ष उशीर झाला.