आईच्या खोलीचा मान

माझे दोन भाऊ एका घरात राहतात याचं गावाकडे फार कौतुक आहे. हर्षद थोरला, निलेश धाकटा. मधली मी, अनुपमा. लग्न होऊन कांदिवलीला गेले, म्हणजे मत कुणी विचारणार नाही, पण कार्याला मात्र आदल्या दिवशी हजर राहायचं, या वर्गातली. लालबागची बाबांची खोली गेली आणि मुलुंडला टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर घर आलं. हॉल, हर्षदची बेडरूम, निलेशची बेडरूम आणि मागच्या अंगाला एक लहान खोली. ती आईची. बिल्डरच्या नकाशात तिला ‘स्टडी’ म्हटलं होतं.

टॉवरचा नियम असा की एका फ्लॅटनं बाहेर एसीचा एकच डबा लावायचा, दर्शनी बाजू विद्रूप दिसता कामा नये. म्हणून भावांनी मल्टी एसी घेतला. बाहेर कठड्यावर एक मोठं मशीन, आत चार जागी चार युनिटं. ते बसवायला भीमराज नावाचा टेक्निशियन आला, तेव्हा मी आईची औषधं द्यायला गेले होते, म्हणून सगळं डोळ्यांनी बघायला मिळालं.

“चारही रिमोट वेगळे,” भीमराज सांगत होता. “कोणी वीसवर ठेवा, कोणी सव्वीसवर, टेन्शन नाही. पण बाहेरचं मशीन एकच आहे ना साहेब, ते एका टायमाला एकच काम करणार. गार तर सगळीकडे गार, गरम तर गरम. एका खोलीत सूर्याचं बटण दाबलं आणि दुसरीत बर्फाचं, तर एकाचं बंद पडणार. नुसता लाइट चमकत राहील. अशा वेळी मशीननं कुणाचं ऐकायचं ते मी सेट करून जातो. प्रायॉरिटी कुठल्या खोलीला देऊ?”

“आमच्या,” हर्षद म्हणाला.

“आमच्या म्हणजे?” निलेशनं विचारलं.

“म्हणजे माझ्या. मी मोठा आहे.”

“एसीचं सगळं मी शोधलं, चार दुकानं मी फिरलो आणि प्रायॉरिटी तुझ्या बेडरूमला? वा रे वा!”

मुंबईत गरम एसी लावणारा प्राणी अजून जन्माला यायचा आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. ज्या बटणाची कधी गरजच पडणार नाही त्याच्यासाठी दोन टकले बाप्ये हमरीतुमरीवर आले होते. मला हसू आलं आणि रागही आला. पण यात नवल काय? आमच्या गावी शिमग्याला पालखीचा पहिला खांदा आमच्या घराण्याचा. बाबा मिलमधून बिनपगारी रजा टाकून त्या एका खांद्यासाठी जायचे. चार पावलं चालायचे, नारळ घ्यायचे आणि बाजूला व्हायचे. पालखी कुठल्या वाडीत आधी न्यायची, किती वेळ नाचवायची, हे ठरवणारे दुसरेच असत. मानकऱ्याला कुणी काही विचारत नाही. पण तो खांदा चुलत्यानं घेतला तर डोकी फुटतील. मान म्हणजे आमच्या रक्तात हे असं.

भीमराज स्टुलावर ताटकळला होता. शेवटी हर्षदची बायको, अस्मिता, स्वयंपाकघरातून म्हणाली, “आईंच्या खोलीला देऊन टाका. घरातलं वडील माणूस आहे.”

दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ. दोघांचे चेहरे लगेच खुलले. भावाला मिळालं नाही यातच दोघांचं समाधान होतं. निलेशनं तर फॅमिली ग्रुपवर फोटोही टाकला: नव्या घरात पहिला मान आईचा. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली.

आई वाल सोलत बसली होती. “माका काय दिल्यानी?” तिनं मला विचारलं.

“मान,” मी म्हटलं.

“नारळ खय मगे?” ती म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

यंदा जानेवारीत आईला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलातून घरी आली ती निम्मी होऊन. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, छातीला गारवा लागू देऊ नका, ताप परत उलटेल. आता मुलुंडची थंडी बाकी मुंबईला खरी वाटत नाही, पण मागे डोंगर आहे आणि बाविसाव्या मजल्यावर वारं मोकळं सुटतं. आईच्या खोलीची खिडकी नीट बसतच नाही. रात्रभर शीळ घालते. आईला भीमराजनं दाखवलेला सूर्य आठवला. तिनं तो दाबला आणि खोली उबदार झाली. थंडीचे दिवस, बाकी कुणाला एसी लागत नव्हता, म्हणून कुणाला कळलंही नाही. मला फोनवर म्हणाली, “चुलीम्होरा बसल्यासारख्या वाटता गे.” आजारपणानंतर पहिल्यांदाच तिचा आवाज तिचा वाटला.

आणि त्याच आठवड्यात निधीचा साखरपुडा आला. निधी हर्षदची मुलगी. मुलगा बोरिवलीचा, नोकरीला जर्मनीत, त्याची सुट्टी संपत आलेली. पुढे ढकलणं शक्य नव्हतं, हे मला मान्य आहे. पण हॉल घ्यायचा सोडून घरीच करायचा आग्रह हर्षदचा. व्याह्यांना बाविसावा मजला दाखवायचा होता ना!

संध्याकाळी सहालाच साठ माणसं जमली. गॅलरीच्या काचा फुलांच्या भिंतीमागे बंद. फॉल्स सिलिंग केलं तेव्हा पंखे काढून टाकलेले, कारण ते इंटिरिअरवाल्याच्या डोळ्यांना खुपत होते. त्यात व्हिडिओवाल्यानं दोन मोठे दिवे लावले. बाहेर थंडी आणि हॉलमध्ये नुसती भट्टी. हर्षदनं ऐटीत रिमोट उचलून एसी लावला. हिरवा लाइट चमकायला लागला. हवा काही येईना. तो अठरावर गेला, सोळावर गेला. लाइट आपला चमकतोच आहे. निलेशनं हिसकावून घेतला, सेल काढून परत घातले, रिमोट मांडीवर आपटला. निधीच्या होणाऱ्या सासूबाई रुमालानं वारा घेत म्हणाल्या, “नवीनच घेतलाय ना?” एवढं वाक्य हर्षदला पुरेसं होतं.

मी आईजवळ बसले होते. तिला दुपारपासून तापाची कसर होती. सूर्य चालू होता, वर गोधडी, तरी मधूनच अंग शहारत होतं. बाहेर पॅसेजमध्ये हर्षद फोनवर ओरडत होता, “भीमराज, वाट लागलीये इथे, पाहुणे आलेत!” मग “गरम? कोण लावणार गरम?” त्याची पावलं खोलीकडे येताना ऐकू आली.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. भावांनी आईला गावच्यासारखा मान दिला होता, चार पावलांचा. मशीनला गावची रीत ठाऊक नव्हती. त्या घरात तिचं खरोखर ऐकणारं तेवढं एकच होतं.

हर्षद आत आला. रेशमी कुर्ता पाठीला चिकटलेला. “आई, तू सूर्य लावलायस?”

“होय झिला. हीव भरता.”

“तुझ्यामुळे सगळ्या घराचा एसी बंद पडलाय. दोन तास बंद ठेव, बस. मग रात्रभर लाव.”

“दोन तास?” मी म्हटलं. “अरे, डॉक्टर काय म्हणाले? ताप परत उलटेल. हात लावून बघ तिला.”

त्यानं हात लावला नाही. “बाहेर साठ माणसं शिजतायत, अनू.”

“मग काचा उघड.”

“काचांसमोर फुलांची भिंत आहे!”

“फुलं बाजूला कर. फुलांना न्यूमोनिया नाही झालेला.”

“तुला बोलायला काय जातंय? निधीच्या सासरचे आहेत ते. आयुष्यभर ऐकवतील.”

तेवढ्यात निलेश आला. मला वाटलं, हा थोरल्याच्या विरुद्ध बोलल्याशिवाय राहायचा नाही, त्याच्या स्वभावातच नाही. पण म्हणतात ना, अडला हरी. “दादा बरोबर बोलतोय,” तो म्हणाला. “आणि मी तेव्हाच सांगत होतो, आईला प्रायॉरिटी देऊ नका.”

“तू सांगत होतास?” हर्षद उसळला.

दोघं तिथं, आईच्या पायाशी उभे राहून, कोण काय म्हणालं होतं यावर भांडायला लागले. आई उशीवरून दोघांकडे बघत होती, लहानपणी बघायची तशीच. मग हळूच म्हणाली, “चेडवाचा तोंड घामान भिजला काय रे?”

“मेकअप उतरतोय तिचा,” हर्षद म्हणाला. “रडायला आलीय पोर.”

आईनं उशीखालचा रिमोट काढला आणि त्याच्या हातात दिला. “घे. बंद कर. पावण्यांका त्रास नको.”

“आई, नाही,” मी म्हटलं. “दे तो मला.”

“असांदे गे.”

हर्षदनं बटण दाबलं. युनिटची झडप मिटली. त्यानं रिमोट परत उशीखाली ठेवला नाही. कुर्त्याच्या खिशात घातला. म्हातारी मागाहून परत लावेल अशी भीती वाटली असेल, दुसरं काय? जाताना म्हणाला, “अस्मिताला हॉट बॅग घेऊन पाठवतो.” थोड्या वेळानं हॉलमधून “आहाहा!” असा मोठा सामुदायिक उद्गार आला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

खोलीतली ऊब ओसरायला वेळ लागला नाही. खिडकी शीळ घालायला लागली. मी फटीत ओढणी कोंबली, आईच्या अंगावर माझी शाल टाकली, तिचे पाय चोळले. पाय गार आणि कपाळ तापलेलं. हॉट बॅग काही येईना. अस्मिताला दोष देत नाही, ती तबकं आणि ओट्यांच्या घोळात होती. पण दोन मुलगे होते त्या घरात, चार हात होते.

शेवटी मीच उठले. “आले गं,” म्हटलं. स्वयंपाकघरात केटररची माणसं, चारही शेगड्यांवर त्यांची भांडी. त्यातल्या एकाला विनवून मी कोपऱ्यात पातेलंभर पाणी तापवलं. हॉलमध्ये अंगठ्या घातल्या गेल्या, टाळ्या झाल्या, त्या मी पाण्यावर वाफ यायची वाट बघत ऐकल्या. बॅग भरून, झाकण घट्ट करून खोलीत गेले, तर पलंग रिकामा. गोधडी जमिनीवर पडलेली.

मी हॉलमध्ये धावले. आईला फोटोसाठी बाहेर आणलं होतं. घरातल्या वडील माणसाशिवाय फोटो कसा निघणार? सोफ्याच्या बरोबर मधोमध बसवलं होतं, निधी आणि जावई दोन बाजूंना, भाऊ मागे छाती काढून उभे. सोफ्याच्या वरच्या भिंतीवर एसी, सोळावर. माझी शालही काढून घेतली होती, साडीच्या रंगाला शोभत नव्हती म्हणे. आई थरथरत होती. लपण्यासारखं नव्हतंच ते, हनुवटीपासून हातांपर्यंत सगळं अंग हलत होतं.

“अहो, आजी थरथरतायत का?” निधीच्या होणाऱ्या सासूबाईंनी विचारलं. बाई चांगली होती, तिनं तरी बघितलं.

हर्षद क्षणभरही थांबला नाही. “नातीचा साखरपुडा बघायला मिळाला ना. तेव्हापासून हे असं. आनंद मावत नाहीये तिच्या पोटात.”

सगळ्या हॉलचं काळीज विरघळलं. “अगं बाई!” “किती गोड!” कुणीतरी डोळे टिपले. व्हिडिओवाला कॅमेरा घेऊन गुडघ्यावर बसला आणि आईच्या हलणाऱ्या बोटांजवळ आला. “आजी, हात जरा वर घ्या. नातीच्या डोक्यावर ठेवा. मस्त. तसाच राहू दे. हलू दे, हलू दे, छान येतंय.”

मी माणसं ढकलत पुढे गेले. हातात ती रबरी बॅग. माझ्या तोंडात जे काही होतं ते साठ माणसांसमोर बाहेर पडणार होतं. त्याची मला लाज वाटत नव्हती, वाटणारही नव्हती. “तिला थंडी वाजतेय,” एवढे तीन शब्द. जिभेवर येऊन ठेपले होते.

आईनं माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत जोर नव्हता, पण सोडली नाहीत. मला खाली ओढून कानाशी म्हणाली, “गप रव गे. झाला आता. खुशीनच कापतंय म्हण.”

“आई...”

“म्हण,” ती म्हणाली. दात एकमेकांवर आपटत होते तिचे. “माझ्या झिलाक खोटो पाडू नको.”

मी मान वर केली. निधीच्या सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. मी काय म्हणते याची वाट बघत होत्या. हर्षदही बघत होता.

“खुशीनंच,” मी म्हणाले.