चौऱ्याहत्तरचा अंदाज

अर्थखात्यात तिला सगळे आकडेबाई म्हणत. देशाची तूट पुढच्या चाळीस वर्षांत कशी भरून निघेल, हे मांडायचं काम तिच्याकडे होतं. कर वाढवायला मंत्री तयार नव्हते, शस्त्रखरेदीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आभाळच फाटलेलं, ठिगळ लावायचं कुठे?

शुक्रवारी सचिव तिच्या टेबलाशी आले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तक्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे सरासरी आयुर्मान एक्क्याऐंशीपर्यंत कसं चढतंय?"

"सर, माणसं जास्त जगतायत."

"चौऱ्याहत्तरवरच थांबवा की. नुसता अंदाज तर आहे."

तिनं थांबवलं. पेन्शनचा खर्च उतरला, दवाखान्यांचा उतरला, तूट लोण्यासारखी वितळली. मंत्र्यांनी पाठ थोपटली. घरी मात्र तिनं यातला चकार शब्द काढला नाही.

चार महिन्यांनी आरोग्यखात्याचा आदेश निघाला. आयुर्मान वाढणार नाही, सबब म्हाताऱ्यांसाठी डायलिसिसची नवी यंत्रं घ्यायची नाहीत, जुनी बिघडली तर दुरुस्तीही नाही. तिचे बाबा निवृत्त पोस्टमन. आठवड्यातून तीनदा त्यांना त्या यंत्राला जोडत. आता दोनदाच.

"बरं झालं, एक हेलपाटा वाचला," बाबा हसले. पाय इतके सुजले होते की चपलाही चढेनात.

तिनं तो आकडा दुरुस्त करायची टिपणी पाठवली. दोनदा परत आली. वर्ष सरत आलं तेव्हा ती तडक सचिवांच्या खोलीत शिरली.

"सर, तो आकडा खोटा आहे. मी मनानं घातलाय तो."

"खोटा होता." सचिवांनी एक कागद पुढे सरकवला. वर्षभरातल्या मृत्यूंची नोंद होती. आयुर्मानाची वर चढू लागलेली रेघ घसरत पुन्हा चौऱ्याहत्तरला येऊन टेकली होती. "बघा, तुमचा अंदाज तंतोतंत उतरला!" त्यांच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं.

"आता त्र्याहत्तर धरून बघा."

"मी नाही करणार, सर."

"हरकत नाही," ते म्हणाले. रागावलेसुद्धा नाहीत.

ती जागेवर परतली, तर तिचा तक्ता शेजारच्या सहकाऱ्याच्या संगणकावर उघडलेला. रोज दोघं बरोबर चहा प्यायचे. त्यानं मान वर केली नाही.

"आई अडुसष्टची आहे माझी," तो पुटपुटला. "अजून पाच वर्षं आहेत."

तिनं पर्स उचलली. बाबांना डायलिसिसला न्यायची वेळ झाली होती.