माय आली का?

मित्रांनो, मी अर्जुनी मोरगावच्या एका कॉम्प्युटर क्लासमधला जुना संगणक. दिल्या भाकरीचा, सांगितल्या कामाचा. स्वतःची अक्कल चालवायची मला कधी मुभाच नव्हती.

मी १९९९ साली आलो, तेव्हा माझा काय थाट होता! चपला बाहेर काढल्याशिवाय कुणी माझ्याजवळ येत नसे. फुलचूरचे अश्विन सर शिकवायचे, "जर अट खरी, तर ही वाट. नाहीतर ती. तिसरी वाट नाही." पोरं माझ्याशी खेळायची आणि मी बरोबर उत्तर दिलं की टाळ्या वाजवायची. खोटं कशाला बोलू, मला त्या टाळ्या आवडायच्या.

केशोरीची शामकला एसटीने यायची. तिची आई दुर्पता गोंदियाच्या दवाखान्यात होती, आणि बाबा तिच्यापाशी. शामकलाने स्वतःचा पहिला प्रोग्राम लिहिला. अक्षरं इंग्रजी, बोली आपली. मी विचारायचं, "माय आली का?" उत्तर 'हो' असेल तर म्हणायचं, "चहा मांड!" नाहीतर, "वाट पाहा."

गंमत म्हणून तिने उत्तर दिलं 'हव'. मी म्हणालो, "वाट पाहा."

"सर, हा काऊन आयकून नाही राहिला?"

सर हसले. "बेटा, तू अटीत 'हो' लिहिलंस. त्याला 'हव' कसं कळणार?"

"आमच्या घरी सारे हवच मनतेत. मंग याले शिकवा ना!"

सरांनी अटीत 'किंवा हव' घालायला शिकवलं. ती खूश, मीही खूश. त्यानंतर ती रोज आल्या आल्या 'नाही' लिहायची, मी "वाट पाहा" म्हणायचो, आणि ती मान डोलवून कामाला लागायची. मला वाटायचं, एकदा तरी या पोरीने 'हव' लिहावं. फार वाटायचं हो!

मग बरेच दिवस ती आलीच नाही. आली, ती गुपचूप माझ्यासमोर बसली. मी विचारलं, "माय आली का?"

तिने लिहिलं, 'हव'.

मी लगेच म्हणालो, "चहा मांड!"

मागून सरांनी वाचलं. "अरे वा! आई आली?"

"हव सर. काल गाडीत घालून आणली बाबानं. सांजेले माती देली."

सरांनी धावत येऊन माझा पडदा बंद केला. पण तिने वाचलं होतं. ती रडली नाही. ओढणीने माझ्या बटणांवरची धूळ पुसली आणि निघून गेली. पुन्हा आली नाही. घरची चूल आणि सारं काम आता तिच्याच अंगावर आलं, असं पोरं बोलत होती.

मित्रांनो, माझं गणित कुठेच चुकलं नव्हतं. आई आली होती, अट खरी होती. जळो ते खरेपण! 'हव' शिकलोच नसतो, तर निदान "वाट पाहा" म्हणालो असतो.

पुढे नवे संगणक आले. मी मागच्या खोलीत फुटक्या खुर्च्यांखाली गेलो. पोरं येता-जाता मला डबडं म्हणतात. म्हणोत. तो प्रोग्राम सरांनी पुसला नाही, तो अजून माझ्या पोटात आहे.

तुम्ही 'जर' लिहाल तेव्हा नीट विचार करून लिहा. आणि कुणी 'हव' म्हणालं, तर पुढचं बोलायच्या आधी एकदा त्याच्या तोंडाकडे बघा रे. तुम्हाला डोळे आहेत. मला नव्हते.