बसून गाणाऱ्या बायका

माझ्या लेकीला जुळं झालं, त्याच वर्षी आमच्या चर्चच्या गायनमंडळाला परदेशातून बोलावणं आलं. जुळ्यांचा बाप, म्हणजे माझा जावई, मंडळाचा मास्तर. त्याला दोन्ही आनंद एकदम झेपेनात. घरी पोरं रडायची आणि चर्चमध्ये हा आमच्यावर ओरडायचा.

आमच्या मंडळात पुरुष मागे उभे राहून गातात आणि बायका पुढे बाकावर बसून. कारण साधं आहे. आम्ही सगळ्या धुलाईच्या कारखान्यातल्या. दिवसभर उभं राहून इस्पितळाच्या चादरी धुवायच्या, इस्त्री करायच्या, घड्या घालायच्या. संध्याकाळी सरावाला येईपर्यंत पोटऱ्या दगड झालेल्या असायच्या. आमच्या सासूच्या वेळी पाळकांनी बाक दिला, तो तसाच राहिला.

थोरल्या जाऊबाई आणि मी एकाच चादरीची दोन टोकं धरायचो. टोकाला टोक लावताना श्वासही एकत्र चालायचा. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. गाताना त्या पुढची ओळ हळूच कानात सांगायच्या आणि मी उचलायची. त्या वर्षी त्यांचे गुडघे पार गेले होते. तरी म्हणाल्या, "धाकटे, एकदा तिकडं गाऊन येते. मग पडून राहायला आयुष्य आहेच."

तिथलं चर्च मोठं, थंडगार. समोर गाणाऱ्यांसाठी लाकडी पायऱ्या मांडलेल्या, पाठ टेकायला काही नाही. दुपारी तिथल्या व्यवस्थापक बाई मास्तरशी काहीतरी बोलल्या. तो आमच्याकडे आला तो नव्या नवऱ्यासारखा ताठ.

"इथं सगळे उभे राहून गातात. आपणही उभं राहायचं. मोठ्या आई, तुम्हाला जमणार नाही. तुम्ही खाली लोकांत बसून ऐका."

"ऐकायला मी एवढ्या लांब आले होय रे?" जाऊबाई म्हणाल्या.

"बसलेलं बरं दिसत नाही. लोक काय म्हणतील?"

मी म्हणाले, "जावईबापू, आम्ही घशानं गातो की गुडघ्यानं?"

बायका हसल्या. त्याचं तोंड एवढंसं झालं, पण पीळ काही सुटला नाही. "ठरलं म्हणजे ठरलं," म्हणून तो निघून गेला.

जाऊबाईंनी पांढरी शाल खांद्यावरून काढली, घडी घातली. टोकाला टोक, नेहमीसारखी. "जाऊ दे. तू गा."

"आणि ओळ कोण सांगणार? तुमचा पुतण-जावई?"

संध्याकाळी चर्च भरलं. पुरुष मागच्या पायऱ्यांवर चढले, पुढच्यांवर आम्ही. जाऊबाई खाली पहिल्याच बाकावर, मांडीवर शाल. मास्तरनं हात वर केला. मी पायऱ्या उतरले, जाऊबाईंना दंडाला धरून उठवलं आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर आणून बसवलं. शेजारी मी बसले.

"मामी, उठा!" तो दातांतून मला म्हणाला.

"हात खाली आणा, अवघडेल."

तेवढ्यात मागे लाकूड करकरलं. इस्त्रीवाली बसली. तिच्या शेजारची बसली. मग पदर सावरत, खोकत, एकीला एक रेटत सगळी ओळच बसली. "सरक गं जरा," कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. मास्तरचा हात तसाच वर. तो काही खाली येईना. जाऊबाईंनी श्वास घेतला. आम्ही सगळ्यांनी घेतला आणि गीत उचललं. मागचे पुरुष दुसऱ्या ओळीला येऊन मिळाले. मास्तरचा हात तिसऱ्या ओळीला.

जाऊबाई माझ्या कानात प्रत्येक ओळ सांगत होत्या. आवाज चिरकत होता त्यांचा. चिरकू दे.

संपल्यावर व्यवस्थापक बाई तरातरा मास्तरकडे आल्या. आता हा माफी मागणार, असं मला वाटलं. त्यानं आमच्याकडे पाहिलं, काहीतरी सांगितलं आणि त्या आल्या तशा परत गेल्या.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"आमच्या बायका बसूनच गातात. चालत नसेल तर आम्ही निघतो." मग हळूच म्हणाला, "तुम्ही मला नोकरीवरून घालवणार एक दिवस, मामी."

पुढच्या गावीही पायऱ्याच होत्या. तिथेही आम्ही बसलो.

परत आल्यावर जाऊबाईंनी अंथरूण धरलं. पडल्या पडल्या त्यांनी मला अक्षरं शिकवली. "माझ्यामागं कुणाच्या तोंडाकडे बघत बसू नकोस," म्हणायच्या. आता ओळ मीच वाचते, बाकावर बसून.

जुळी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी, थंडीच्या सुरुवातीला, एका रविवारी सकाळी थोरल्या जाऊबाई वारल्या.