चित्रांखालच्या ओळी

आमच्या एडिनबराच्या मंडळाचा दिवाळी अंक गेली अकरा वर्षं मी काढतो. म्हणजे लोकांच्या मागे लागतो, आलेलं सुधारतो आणि न आलेलं स्वतःच लिहून काढतो. पेन्शन कंपनीत तीस वर्षं दुसऱ्यांचे मसुदे दुरुस्त केले. कुणाचंही काही हातात आलं की त्यावर आपला हात फिरवल्याशिवाय मला चैन पडत नाही. जित्याची खोड.

नीना माझी आतेबहीण. लग्न करून कॅनडात विनिपेगला गेली आणि तिथे चित्रकार झाली. थंडीतल्या खेळांची गमतीदार चित्रं काढायची. तिथल्या एका वर्तमानपत्रात दर शनिवारी एक यायचं. आइस हॉकी, स्केटिंग, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरणं, असलं सगळं. प्रत्येक चित्रात कानटोपी घातलेला एकच ढेरपोट्या गृहस्थ असे आणि तो कुठे ना कुठे आपटलेला असे. हा गृहस्थ म्हणजे तिचा नवरा परीक्षित, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. परीक्षित तर ते ज्याला त्याला अभिमानाने सांगायचा.

गेल्या जानेवारीत परीक्षित हार्ट अटॅकने गेला. मी फोन केला, पाच मिनिटं बोललो. कसं झालं, कुठे झालं, काही विचारलं नाही. अशा वेळी खोदून विचारू नये, असं आपल्याकडे शिकवतात. खरं सांगायचं तर मला ते ऐकायचंही नव्हतं.

सप्टेंबरमध्ये तिची बारा चित्रं आली. सोबत चार ओळींचा मेल: ‘श्री, ही परीक्षितची शेवटची चित्रं. इथल्या पेपरला दिली नाहीत, आपल्या माणसांनी बघावीत. याच क्रमाने छाप. खाली काही लिहू नकोस.’

नवऱ्याला निरोप द्यायची तिची ही पद्धत आहे, हे मला कळलं होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. तिने दोनच गोष्टी मागितल्या होत्या.

चित्रं फर्मास होती. एकात परीक्षित हॉकीचा गोलकीपर आणि त्याच्या पोटानेच सगळा गोल अडवलेला. दुसऱ्यात तो तळ्यावर मासे धरायला बसलाय, डबा उघडलाय आणि भोकातून डोकं काढून मासाच डब्यात बघतोय. कर्लिंगमध्ये दगड पुढे सरकावा म्हणून त्याच्यापुढचा बर्फ ब्रशने घासतात. हा गडी घासत घासत थेट प्रेक्षकांच्या खुर्च्यांखाली पोचलेला. सातव्यात तो स्केट्सवरून उताणा पडला होता, हातपाय चारी दिशांना, कानटोपी उडालेली. आणि बारावं: खेळ संपलाय, स्केट्स खांद्यावर टाकून तो पाठमोरा दाराकडे चाललाय. आपल्या पायांवर, न पडता. बस.

यात विनोद कुठे आहे, मला कळेना. बाकीच्यांत होता, पण तो लोकांना समजेल का, याची धास्ती वाटली. दिवाळी अंकातल्या हास्यचित्राखाली ओळ नसली की छापायची राहिली असं वाटतं लोकांना. मी एका बैठकीत सगळ्या चित्रांखाली चारोळ्या लिहिल्या. यमकं अशी जुळत गेली की मी स्वतःवरच खूश झालो.

अंकाची मांडणी ईशिता करते. इथेच जन्मलेली, विद्यापीठात डिझाइन शिकते. तिने माझ्या चारोळ्या वाचल्या आणि म्हणाली, “काका, कॅप्शन्स नको ना. इट्स फनी ॲज इट इज. आणि तो लास्टवाला चित्र सॅड आहे, पण बेस्ट आहे.” मी तिला आधी ‘तो चित्र’ नाही, ‘ते चित्र’ असं शिकवलं आणि मग संपादन म्हणजे काय ते शिकवलं. तेवढ्यात लंडनमधल्या ईलिंगच्या एका मिठाईवाल्याची पूर्ण पान जाहिरात आली. एक पान काढायला हवं होतं. मी बारावं चित्र काढलं आणि शेवट जोरदार व्हावा म्हणून सातवं उचलून तिथे ठेवलं. उताणा परीक्षित, पूर्ण पान.

प्रकाशन दुपारी होतं, भाड्याच्या हॉलमध्ये. नीना लॅपटॉपवरून हजर होती. तिकडे सकाळ होती. तिने साडी नेसली होती. पडद्यावर एकेक चित्र येत गेलं आणि मी खालच्या ओळी हातवारे करून वाचत गेलो. शेवटच्या चित्राला आवाज चढवला:

“चारी मुंड्या चीत झालो, तरी सोडली नाही ऐट,
बर्फच मेला आडवा आला, माझी चाल तर होती स्ट्रेट!”

हॉल हसून लोटपोट झाला. लॅपटॉपवरची नीना दिसेनाशी झाली. विनिपेगचं नेटवर्क, असं मी माइकवर सांगितलं आणि त्यावरही लोक हसले.

दुसऱ्या दिवशी मीच तिला फोन केला. लाज वाटते सांगायला, पण कौतुक ऐकायला केला होता. तिने मांडणी चांगली झाली म्हटलं, ईशिताचं नाव विचारून घेतलं. मग बारावं कुठे गेलं, असं विचारलं. मी जाहिरातीचं सांगितलं. त्यात तसा विनोदही नव्हता, असंही बोलून गेलो.



“श्री, परीक्षित दारापुढे बर्फ काढत होता,” ती म्हणाली. “तसाच पडला. उताणा, हातपाय पसरून. मी खिडकीत होते. मला वाटलं, नेहमीसारखं सोंग करतोय, मी चित्र काढावं म्हणून.”

“नीना...”

“मी हसले रे. खिडकीतून त्याला हात केला आणि हसत राहिले. चहा गाळून बाहेर गेले तोवर...”

पुढचं तिने सांगितलं नाही. ती रडतही नव्हती.

“म्हणून शेवटच्या चित्रात मी त्याला चालत घरी पाठवला होता,” ती म्हणाली. “तेवढ्यासाठी बाकीची अकरा काढली.”

मी घाईघाईने म्हणालो की वेगळी पुस्तिका काढतो, तुझ्या क्रमाने, एक अक्षरही न घालता, सगळ्यांना घरपोच पाठवतो. आठ दिवसांत करतो. ईशिता एका दिवसात करून देईल.

“काढ हवी तर,” ती म्हणाली. “पण काल ते सगळे हसले ना, श्री, तेव्हा तो परत पडला. आणि मी परत बघत बसले.”

यावर सांत्वनाचं काहीतरी माझ्या तोंडाशी आलं होतं, चांगलं, जुळवलेलं. या वेळी मी ते गिळलं. तिने फोन ठेवेपर्यंत एक शब्द बोललो नाही. एवढंच तर तिने सप्टेंबरमध्ये मागितलं होतं.