चार फालतू छिद्रं

खाजा मियाने ड्रमखाली वाकून पाहिलं आणि हातातला पाना खाली ठेवला.

यंत्र परदेशातून आलेलं होतं. पुसेगावच्या उकंडरावाने ते मोबाइलवर मागवलं, मियाच्या यंत्राच्या निम्म्या किमतीत. हळद पॉलिश करताना खडखडतं म्हणून तो ते हिंगोलीला मियाच्याच वर्कशॉपवर घेऊन आला होता. आत तिरप्या पट्ट्या होत्या. हळकुंड तुटू नये म्हणून पट्ट्या तशा बसवायची युक्ती मियाची, तीन वर्षं डोकं झिजवून काढलेली. पट्ट्या एक वेळ कुणालाही सुचतील. पण मोटरच्या वर वीतभर अंतरावर ही चार रिकामी छिद्रं? ती मियाची चूक होती. पहिल्या यंत्राला मोटर बसवताना माप चुकून त्याने वर छिद्रं पाडली, मग खाली दुसरी पाडली. नक्कल करणाऱ्या शहाण्यांनी चूकसुद्धा सोडली नव्हती.

चोर शोधायला लांब जायला नको होतं. गिऱ्हाइकापासून यंत्राचं पोट झाकायचं नाही, ही अब्बांची शिकवण. ते पहिलं यंत्र उकंडरावानेच नेलं होतं आणि "काढा व्हिडिओ, दुनियेला दाखवा," असं मियाच फुशारकीने म्हणाल्यावर त्याने तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता. बरं, व्यापार मोकळा झाला म्हणून शिव्या तरी कशा द्याव्यात? मियाचे स्वस्त बेअरिंगही त्याच वाटेने परदेशातून येत होते. गल्लीतले चार कारागीर आता बाहेरचा माल विकत. मियाचं यंदा एकही यंत्र खपलं नव्हतं. आशा एकच होती, भिंतीवर खडूने काढलेलं नवं यंत्र. ओल्या हळदीचे गोल गड्डे आणि त्यांना फुटलेली लांब बोटं ते आपोआप वेगळी करणार होतं. ते झालं नाही तर वर्कशॉपला कुलूप.

"ही वरची छिद्रं कशाला हो, मिया?"

"चूक हाय ती. माझी."

उकंडराव हसला. "तुमची कशी असंल? एवढी मोठी कंपनी, कायतरी इचार करूनच ठेवली असंल."

मियाने सैल नट आवळला, खडखड थांबली. उकंडरावाची नजर भिंतीवर गेली.

"हे नवीन काय करून राहिले? लई भारी दिसतंय. थांबा, आमच्या ग्रुपवर टाकतो, तुमाला गिऱ्हाईक भेटंल." त्याने फोन काढला. त्याच्या मनात काडीचं कपट नव्हतं, मियाला तेच सोसवेना.

फोन वर व्हायच्या आत मियाने तेलकट तळव्याने भिंत पुसून टाकली.

"काहून पुसलं?"

"जमून न्हाई राहिलं ते," मिया म्हणाला.

खरं तर कालच सगळं बरोबर जमलं होतं.