एकशे चौदावी ओळ

तृप्तीने लॅपटॉपचा पडदा तातेरावांकडे वळवला आणि एकशे चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं. तातेरावांनी चष्मा पुसला, ओळ वाचली, पुन्हा वाचली. तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस. चूक काय आहे ते त्यांना सांगावं लागलं नाही.

"ही मी लिहिलेली न्हाई," ते म्हणाले.

ते तृप्तीला ठाऊकच होतं. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या ॲपची तपासणी तिच्याकडे होती. असं ॲप कुणी एकटा लिहीत नाही. लोकांनी लिहून फुकट ठेवलेला कोड, म्हणजे लायब्रऱ्या, त्यात शेकड्यांनी जोडलेल्या असतात, आणि त्या उघडून बघायची तसदी कुणी घेत नाही. ती तसदी घेण्याचाच पगार तृप्तीला मिळत होता. तीनशे चाळीस लायब्रऱ्यांतली ही सर्वांत लहान, मराठी आकडे आणि तारखा बरोबर छापणारी. तीर्थपुरीतल्या या दोन खोल्यांत तातेरावांनी ती अकरा वर्षं जिवापाड सांभाळली होती.

आता तिच्या नव्या आवृत्तीत घुसलेली ही ओळ शेतकऱ्यांचे फोन नंबर गुपचूप भलतीकडे पाठवणारी होती. कंपनीने ती आवृत्ती अजून घेतली नव्हती, हे नशीब. तातेरावांनी आजच्या आज घाण काढली नाही, तर संध्याकाळी ॲपमधून त्यांची लायब्ररीच कायमची काढून टाकायची, असं कंपनीत ठरलं होतं. तृप्तीने तीन मेल धाडले होते. तिन्हींना 'सगळं ठीक आहे' असं गोड उत्तर आलं. म्हणून ती स्वतः आली.

ती ओळ आणि ती उत्तरं, दोन्ही 'राही'चीच होती. दोन वर्षांपूर्वी तातेरावांचा मोतीबिंदू काढला, तेव्हा इंटरनेटवरच्या या राहीने न मागता मदत सुरू केली. चुका दुरुस्त करायचा, डोळ्यांत औषध घातलं का म्हणून विचारायचा. तातेरावांनी त्याला लायब्ररीच्या चाव्या, म्हणजे नवी आवृत्ती सोडायचा हक्क, आणि तिचे मेल बघायचं कामही देऊन टाकलं होतं.

हा राही कोण, कुठला, त्याचं खरं नाव काय, असं तृप्तीने जरा तडकूनच विचारलं.

"विचारलं न्हाई कधी."

"दोन वर्षांत एकदाही?"

तातेरावांनी चष्मा काढून हातात धरला.

"मॅडम, नोकरीला लागलो तवा खोली बघायला गेल्तो. आधी आडनाव विचारलं, मंग खोली खाली न्हाई म्हणले. असं लई गावांत झालं. तवाच ठरवलं, आपण कोणाला विचारायचं न्हाई." त्यांनी लॅपटॉपकडे मान हलवली. "इथं अकरा वर्षांत मलाबी कोणी विचारलं न्हाई. फक्त काम बघितलं."

तृप्तीला स्वतःच्या आवाजाची लाज वाटली. तिच्या तपासणीच्या अर्जातला पहिला रकाना नावाचाच होता.

"पण सर, त्याचं काम तरी तुम्ही बघितलं का?" तिने हळूच विचारलं.

डोळे बरे झाल्यावरही तातेरावांनी राहीची एकही ओळ वाचली नव्हती. इतकी विचारपूस करणाऱ्या माणसावर संशय कसा घ्यायचा, म्हणून. ते आता त्यांना सलत होतं, आणि राही खोटा निघाला हे त्याहून जास्त सलत होतं.

"काढा त्याला," शेवटी ते म्हणाले. लॅपटॉप तिच्या पुढ्यात सरकवून त्यांनी पासवर्डही मोठ्याने सांगून टाकला.

तृप्तीने राहीचा हक्क काढून घेतला, ओळ खोडली, स्वच्छ आवृत्ती तयार केली. ती बाहेर सोडणार, तोच तिचा हात थांबला. मघाशी दारात तिने नुसतं कंपनीचं नाव घेतलं, तेवढ्यावर या माणसाने तिला आत घेतलं, पाणी दिलं, आणि आता सगळ्या चाव्याही दिल्या होत्या. तिने पर्समधून ओळखपत्र काढलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"सर, आधी हे बघून घ्या. मी कोण आहे ते."

तातेरावांनी कार्ड उचललं आणि न वाचता टेबलावर पालथं ठेवलं. मग चष्मा डोळ्यांवर चढवून खुर्ची तिच्याजवळ ओढली.

"सरका जरा," ते म्हणाले. "तुम्ही काय काय बदललं, ते पहिल्या ओळीपासून वाचतो."